लाल शाईतला गोल

दिगंबर सर गेल्याची बातमी आली आणि मी तिला 'हार्दिक अभिनंदन' असं उत्तर पाठवलं. लिहायलाही लाज वाटते, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल, कारण माझ्या डोक्यात जो गोंधळ माजलाय तो त्या सकाळपासूनचा आहे. भोकरदनच्या घरी अंगणात गहू निवडत बसले होते, चष्मा आत देवघरात राहिलेला. मोबाइल वाजला. सरांच्या मुलाचा, प्रशांतचा मेसेज. प्रशांत जालन्यात इव्हेंटचा व्यवसाय करतो. लग्नं, बारशी, दुकानांची उद्घाटनं, सत्कार... त्याच्याकडून अशी रंगीत चित्रं मला एरवीही येतात. या चित्रात सरांचा कोटातला फोटो, भोवती पिवळी फुलं, खाली ठळक अक्षरं. मला वाटलं, कुठल्या तरी मंडळाला एकदाची अक्कल आली आणि सरांचा सत्कार ठरला. मी लिहून टाकलं, 'हार्दिक अभिनंदन सर, उशीर केला पण योग्य केलं.' मग आत जाऊन चष्मा लावला.

लगेच फोन केला. प्रशांतच्या आवाजात काहीच नव्हतं. म्हणाला, "असू द्या काकू. मी वाचलंच न्हाई ते." वाचल्याशिवाय 'असू द्या' कसं म्हणाला, हे मला संध्याकाळी सुचलं. सकाळचा चहा झाला, सर पेपर घेऊन बसले आणि बसल्या बसल्याच गेले, एवढं त्याच्याकडून कळलं. वय शहात्तर. दुखणं असं काही नव्हतं.

मिळेल त्या एस.टी.नं जालना गाठलं. घरासमोर पांढरा मांडव घातलेला, खुर्च्यांना पांढरी कापडं, रांगा दोरी लावून आखल्यासारख्या. पाण्याच्या बाटल्या, बायकांची बसायची सोय वेगळी, चपला ठेवायला वेगळी जागा. आणि या सगळ्याच्या मधे प्रशांत, कानाला फोन, 'फुलं पोहोचली का, गाडी कुठंय' असं बोलतोय. डोळे कोरडे. माझ्या मागं दोन बायका कुजबुजल्या, बापाचाही इव्हेंट केला पोरानं. मला त्या बायकांचा राग आला, मग प्रशांतचाही आला, कारण त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. त्याच्याशी धड न बोलता मी परत आले. मी चिडकी बाई आहे, हे माझे विद्यार्थीही सांगतील. सर तर तोंडावर सांगायचे.

सर इंग्रजी शिकवायचे आणि मी मराठी. शाळा पिंपळगाव रेणुकाईची. मी भोकरदनहून एस.टी.नं जायची, सर गावातच राहायचे. एकोणीस वर्षं आम्ही मधल्या सुट्टीत एकाच बाकावर बसून डबा खाल्ला. बाक कडुलिंबाखाली होता, एक पाय तुटका, त्याच्याखाली सरांनी दगड लावलेला. सरांचं इंग्रजी असं, की तालुक्याहून तपासणीला आलेले साहेब त्यांच्याशी मराठीतच बोलणं पसंत करत. आणि मराठी मात्र अस्सल आमच्याकडचं. "बाई, मी काल धरून इचार करून राह्यलो," असं म्हणत बाकावर टेकले, की समजायचं, आज एखाद्या शब्दाचं काही खरं नाही. भुईमुगाची शेंग फोडावी तसा ते शब्द फोडायचे. आत काय निघतं ते मला दाखवायचे आणि मग म्हणायचे, "आता तुमचा काढा." मग मी मराठी शब्द काढायची.

त्यांची वह्या तपासायची रीत इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच घडलं. लाल शाईचं पेन, सरळ रेघ आणि गोल. शब्दाखाली रेघ असली तर चूक, घरी जाऊन दुरुस्त कर. शब्दाभोवती गोल असला तर चूक नाही. गोल म्हणजे शब्द भारी आहे, मधल्या सुट्टीत बाकावर ये, आपण बोलू. वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात ते वर्गाला हे सांगून टाकत. वहीत गोल पडला की पोरं मिरवायची. गोलवालं पोर आलं की सर आधी त्याला बसवायचे, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचे, घरचं सगळं विचारायचे, आणि मग शब्दाला हात घालायचे. पण एक हट्ट होता. पोरानं आपणहून यायला पाहिजे. आलं नाही तर सर हाक मारणार नाहीत. मी कितीदा म्हटलं, अहो बोलवा की त्याला, भित्रं आहे ते. तर म्हणायचे, "बोलावून शिकवलेलं टिकत न्हाई बाई. इचारायला आला पायजे."

इव्हेंट हा शब्दही बाकावर असाच आला होता. नववीतल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं, आमच्या गावात एक मोठा इव्हेंट झाला, विहिरीत म्हैस पडली. सरांनी गोल केला. मुलगी आली, शेंगदाणे खाल्ले. सरांनी गंभीरपणे विचारलं, म्हैस निघाली का बाहेर? निघाली म्हणाली. जिती? जिती. "मंग बराबर हाय तुझं," सर म्हणाले. "पडली तवा ती इन्सिडेंट होती. भाहेर आली तवा इव्हेंट झाली." मुलगी हसत पळाली आणि मी विचारलं, हे काय नवीन? तेव्हा त्यांनी उलगडून सांगितलं. इव्हेंट हा शब्द लॅटिनमधून आला, त्याच्या पोटात 'बाहेर' आणि 'येणे' असे दोन तुकडे आहेत. जुन्या इंग्रजीत इव्हेंट म्हणजे एखाद्या गोष्टीतून शेवटी जे बाहेर पडलं ते, निकाल. घडलेल्या कुठल्याही गोष्टीला, आणि पुढं खेळाला, समारंभाला तो वापरायची पद्धत रुळत गेली. आणि इन्सिडेंट, ॲक्सिडेंट, ओकेजन, केस, हे सगळे एकाच घरातले, सगळ्यांच्या मुळाशी 'पडणे'. मी म्हटलं, गोऱ्या लोकांचं सगळं पडतंच कसं हो? पण डबा बंद करता करता माझ्याच लक्षात आलं, आपलं तरी वेगळं काय आहे. प्रसंग पडतो, प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, गाठ पडते, महागात पडतं. सर इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या डब्यातली लसणाची चटणी माझ्या डब्यात ओतली.

मग त्यांनी घटना आणि प्रसंग मागितले. घटना घडते, जुळून येते, हे सोपं होतं. प्रसंग शब्दात 'संग' आहे, चिकटणं आहे, असं मी सांगितलं. म्हणजे इंग्रजाची गोष्ट घडते आणि बाहेर निघून जाते, आपली घडते आणि अंगाला चिकटून राहते. हे मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं. सर म्हणाले, "माणसापरमानं असतंय बाई ते. भाषेपरमानं न्हाई." तेव्हा मला त्यांचं म्हणणं उगाच वाटलं होतं. आता मला त्यातलं काहीच उगाच वाटत नाही, आणि नीट समजलंय असंही नाही.

प्रशांत याच शाळेत होता, पण सरांच्या वर्गात कधीच नव्हता. सरांनी त्याला मुद्दाम दुसऱ्या तुकडीत टाकलं होतं. आपल्या पोराला आपण शिकवू नये, मार्क दिले तर गाव बोलतं आणि नाही दिले तर घर बोलतं, असं त्यांचं गणित. त्या तुकडीचे इंग्रजीचे सर मात्र चुकीलाच गोल करायचे. एवढी बारीक गोष्ट. मीही त्याच शाळेत होते, मला दोन्ही वर्गांतल्या वह्या माहीत होत्या, आणि तरी ती कधी माझ्या डोक्यात आली नाही.

निवृत्तीनंतर सर जालन्याला मुलाकडं राहायला गेले. वहिनी, म्हणजे प्रशांतची आई, आधीच वारल्या होत्या. प्रशांतनं मांडव-सजावटीचं काम धरलं होतं, ते वाढलं आणि आठ वर्षांपूर्वी त्यानं स्वतःचं नाव लावून धंदा सुरू केला. त्या दिवशी योगायोगानं मी तिथं होते, डोळे तपासायला जालन्याला गेले होते. प्रशांत बाहेरून आला, देवापुढं पेढे ठेवले, सरांच्या पाया पडला, माझ्या पडला, आणि छापून आणलेलं पहिलं पत्रक सरांच्या हातात दिलं. चकचकीत कागद, वर मोठ्या अक्षरांत त्याचं नाव आणि पुढं 'इव्हेंट्स'. सरांनी चष्मा लावला. खिशातलं लाल पेन निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पत्त्यात एक अक्षर चुकलं होतं त्याखाली रेघ मारली, आणि मग सावकाश, अगदी मन लावून, 'इव्हेंट्स' भोवती गोल केला. कागद त्याला परत दिला. बोलले काहीच नाहीत. प्रशांतनं बघितलं, कागदाची चौघडी केली, खिशात घातली आणि "बरं" म्हणून निघून गेला.

तो गेल्यावर सर माझ्याकडं वळले. चेहरा असा फुललेला, की मला तो आजही दिसतो. "मोठा शब्द निवडला पोरानं," म्हणाले. मी म्हटलं, आता येईल विचारायला. "येईल की," सर म्हणाले.

मधे केव्हा तरी, दोनेक वर्षांनी असेल, मी भेटायला गेले तेव्हा ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "प्रशांत इचारायला आला न्हाई अजून." मी थट्टा केली, की सर, तुमच्या शाळेची घंटा केव्हाच झाली, आता पोरं बाकाकडं येत नसतात. ते हसले. मीही हसले. मग आम्ही मोसंबीच्या बागांवर बोलायला लागलो. त्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत जाऊन प्रशांतला एक वाक्य बोलले असते, तर... पण बाप-लेकाच्या मधे आपण कशाला तोंड घालायचं, असा माझा शहाणपणा. एरवी मी कुठं तोंड घालत नाही असं नाही.

सरांच्या महिन्याच्या श्राद्धाला मी पुन्हा जालन्याला गेले. जेवणं झाली, पाहुणे गेले, आणि प्रशांतनं मला सरांच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, माझ्या त्या अभिनंदनाबद्दल असेल. मी मनात माफी जुळवत होते. त्यानं पाकिटातून कागदाची चौघडी काढली. घड्यांवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली.

"काकू, एक इचारायचं होतं," तो म्हणाला. "बाबांना माझा धंदा एवढा का खुपत होता?"

मी म्हटलं, खुपत होता असं कोण म्हणालं तुला? त्यानं कागद उघडून माझ्यापुढं ठेवला आणि त्या लाल गोलावर बोट ठेवलं. बोट तसंच ठेवून तो बोलत राहिला. त्या दिवसापासून घरात धंद्याचा विषय काढला नाही. नाव छापलेला टी-शर्ट बाहेरच बदलून यायचा. एवढ्या लोकांची लग्नं लावली, पण एकाही कार्यक्रमाला सरांना नेलं नाही, चारचौघांत पुन्हा असं काही झालं तर म्हणून. घरात बोलणं म्हणजे गोळ्या घेतल्या का आणि पाणी आलं का, एवढंच. आणि मग सर गेले त्या दिवसाबद्दल सांगायला लागला. लोक काय म्हणत होते ते त्याच्याही कानावर आलं होतं.

"मला रडायला सवड न्हवती काकू. कुठं चूक राहू न्हाई, एवढंच डोक्यात होतं. म्हटलं, बाबांचं तरी बिनचूक करू. एकदा तरी त्यांना खुणा करायला जागा सापडू न्हाई."

त्या पांढऱ्या खुर्च्यांच्या दोरीत आखल्यासारख्या रांगा माझ्या डोळ्यांपुढं आल्या आणि मला माझीच चीड आली. पण खरं सांगते, चिडायलाही मला नीट जमेना. गोलाचा अर्थ त्याला सांगावा की गिळून टाकावा, हेच कळेना. सांगितलं तर बापाला तो शब्द आवडला होता हे कळेल, आणि त्याच वाक्यात आठ वर्षं फुकट गेली हेही कळेल. नाही सांगितलं तर जन्मभर त्या गोलाकडं बघत बसेल. चूक सरांची म्हणावी, तर त्यांनी एकोणीस वर्षं माझ्यासमोर अशीच खूण केली आणि शेकडो पोरांना ती समजली. प्रशांतची म्हणावी, तर त्याला कोणी शिकवलीच नव्हती. राहता राहिले मी. दोन्हीकडचं ठाऊक असलेली मी एकटीच होते.

मी सांगितलं. रेघ म्हणजे काय, गोल म्हणजे काय, बाक, शेंगदाणे, सगळं. तो निघून गेल्यावर सरांचा चेहरा कसा होता तेही सांगितलं. 'मोठा शब्द निवडला' हे मी सरांच्या आवाजात म्हणून दाखवलं. प्रशांत माझ्याकडं बघत नव्हता. त्याची बायको वैशाली चहा घेऊन दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं चहा खिडकीत ठेवला आणि सरांच्या टेबलाकडं बोट दाखवलं. टेबलाच्या अलीकडं सरांची खुर्ची, आणि पलीकडं दुसरी एक, भिंतीला टेकून. तिच्यावर धुऊन वाळलेल्या कपड्यांचा ढीग.

वैशालीनं सांगितलं, की जागा नाही म्हणून ती रोज वाळलेले कपडे त्या खुर्चीवर टाकायची. आणि प्रशांत कामावरून यायच्या वेळेला सर रोज ते कपडे उचलून पलंगावर ठेवायचे. खुर्ची हातानं पुसायचे. ती वैतागून विचारायची, बाबा, कोण येणार आहे आपल्याकडं? "कुणी बी येतंय की," एवढंच म्हणायचे.

सर त्या खुर्चीसाठी दुसऱ्या कोणाची वाट बघत असतील, त्यांचा एखादा जुना विद्यार्थी येणार असेल, असं मी स्वतःला समजावून बघितलं. पटलं नाही. मग प्रशांत उठला. त्यानं कपडे उचलले, पलंगावर ठेवले, आणि त्या खुर्चीत बसला. चाळिशीचा माणूस, पण गुडघे जुळवून, शाळेत बसावं तसा. कागद टेबलावर पसरला आणि म्हणाला, "सांगा काकू. काय सांगणार होते ते मला?"

मी सरांच्या खुर्चीत बसले नाही, मला धीर झाला नाही. पलंगाच्या कडेला बसूनच सांगितलं. इंग्रजी माझा विषय नाही. लॅटिनचं तर नावच सोडा. जे सरांच्या तोंडून ऐकलं होतं ते आठवेल तसं, मागंपुढं करत, दोनदा चुकत सांगितलं. आधी या शब्दाचा अर्थ शेवटी काय बाहेर आलं असा होता, आता तो तुझ्या पाटीवर आहे, एवढं सांगून झालं आणि माझ्याजवळचं संपलं. प्रशांतनं मान हलवली.

"एवढंच होतं?" त्यानं विचारलं. "किती वेळ लागला असता हे सांगायला?"

मी म्हटलं, "शब्दाला पाच मिनिटं लागली असती बाळा. पण त्यांनी तुला तासभर उठू दिलं नसतं."

प्रशांत त्या खुर्चीत तसाच बसून होता. सरांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत म्हणाला, "मला वेळ होता की, काकू."